युनिकोड नावाचा फॉन्ट नाही

आज आपण फक्त एक वाक्य वाचणार आहोत. समीक्षक कवितेची एखादी ओळ घेऊन बसतात ना, तसं आम्ही एका सूचनेतलं वाक्य घेऊन बसलो आहोत. ते साधारण असं असतं: "मजकूर युनिकोड फॉन्टमध्येच पाठवावा, अन्य फॉन्टमधील मजकूर स्वीकारला जाणार नाही." जळगाव-धुळ्याकडे ज्यांनी कधी निबंधस्पर्धेला, दिवाळी अंकाला किंवा एखाद्या कार्यालयाला काही टाईप करून पाठवलं असेल, त्यांनी हे वाक्य थोड्याफार फरकाने वाचलेलं असणार. कधी 'युनिकोड'च्या जागी 'मंगल' असतं. कधी दोन्ही असतात.

हेतू चांगला आहे. वाक्य मात्र चुकीचं आहे, आणि ही चूक ऱ्हस्व-दीर्घाची नाही. या चुकीच्या पोटात जे गैरसमज आहेत त्यांच्यापायी एका माणसाचं वीस वर्षांचं काम आमच्या डोळ्यांदेखत गेलं. त्याची गोष्ट सांगूच. आधी चूक बघू.

जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पटकन कळेल. त्याच्यासमोर लाकडी केस असायची, तिच्यात कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एका अक्षराचे खिळे. संगणकात अक्षर साठवलं जातं म्हणजे काय, तर कप्प्याचा क्रमांक साठवला जातो. अक्षराचं चित्र साठवलं जात नाही. युनिकोड ही त्या क्रमांकांची जगभर मान्य झालेली यादी आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ची. त्या यादीत देवनागरीला १२८ जागा सलग दिलेल्या आहेत आणि 'क'चा क्रमांक आहे २३२५. जळगावात टाईप करा, साक्रीत करा की न्यू जर्सीत करा, 'क' म्हणजे २३२५.

मग फॉन्ट म्हणजे काय? कप्प्यातले खिळे. २३२५ हा आकडा आला की पडद्यावर कोणत्या वळणाचा 'क' काढायचा, जाड की बारीक, ते फॉन्ट ठरवतो. खिळे बदलले तरी कप्प्याचा क्रमांक तोच राहतो. म्हणून 'युनिकोड फॉन्टमध्ये पाठवा' हे वाक्य 'पिनकोडच्या पाकिटात पाठवा' असं म्हटल्यासारखं आहे. पिनकोड पाकिटावर लिहितात. त्याचं पाकीट होत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं काय, अर्थ तर कळतो ना? नाही कळत, हीच अडचण आहे. जुन्या फॉन्टांकडे वळलो की ते दिसेल.

कृतिदेव घ्या. त्याच्या कप्प्यांवरची लेबलं इंग्रजी होती आणि आत खिळे मराठी होते. इंग्रजी स्मॉल 'डी'च्या कप्प्यात 'क', 'ई'च्या कप्प्यात 'म', 'जे'च्या कप्प्यात 'र'. त्यामुळे 'मराठी' हा शब्द कृतिदेवात टाईप केला की फाइलमध्ये जे साठतं ते असं: ई, जे, के, कॅपिटल बी, एच. संगणकाला तिथे मराठी आहे याचा पत्ताच नसतो. तो आपला इंग्रजी अक्षरं साठवून मोकळा. कृतिदेवचे खिळे हजर आहेत तोवर ती मराठी दिसते. खिळे काढून घेतले की उघडी पडते ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. आणि प्रत्येक कंपनीने आपापली केस वेगळी लावली होती. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवात उघडला तर तिसरंच काहीतरी दिसतं.

या फॉन्टांना नावं ठेवायला मात्र आम्ही आलेलो नाही. एका फॉन्टला २५६ जागा, त्यात काने-मात्रे, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं सगळं बसवायचं, आणि देवनागरी जुळवण्याची अक्कल ऑपरेटिंग सिस्टिमला नाही. त्या काळात या मंडळींनी खान्देशातल्या लग्नपत्रिका, हँडबिलं, अभंगांच्या पुस्तिका, केळी बागायतदारांच्या सभेच्या नोटिसा छापून दिल्या. कागदावर छापायचं असेल तर कप्प्याच्या लेबलाशी कुणाला देणंघेणं? पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थेच्या कामातून भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची प्रमाण संकेतावलीही आली होती. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. पण डीटीपीचा धंदा पेजमेकरवर चालायचा, आणि पेजमेकरला असलं काही जुळवता येत नव्हतं. त्याला फॉन्ट कळायचा, तेवढाच. धंद्याने फॉन्ट धरला आणि सगळ्यांच्या तोंडी 'फॉन्ट' हाच शब्द बसला. मजकूर प्रवासाला निघाला, शोधायची, दुसऱ्या मशीनवर उघडायची वेळ आली, तेव्हा हिशेब चुकल्याचं कळलं.

आता ती गोष्ट. साक्रीच्या बाजूचे एक निवृत्त गुरुजी. वीस वर्षं गावोगाव फिरून त्यांनी अहिराणी गाणी गोळा केली होती, जात्यावरची, लग्नातली, कानबाईच्या उत्सवातली. वह्यांवरून ती एका डीटीपीवाल्याकडे टाईप करून घेतली. पुस्तक काही निघालं नाही, पैसे जमले नाहीत. वह्या पावसात गेल्या. फाइल राहिली, घरच्या संगणकावर. पुढे तो डीटीपीवाला वारला, दुकान बंद झालं. एक दिवस नातवाने फाइल उघडली तर आत सगळी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, चौकटी कंस. दुरुस्तीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, व्हायरस आहे, फाइली खाल्ल्या. मग जे आपल्याकडे होतं तेच झालं. फॉरमॅट मारला.

आमच्याकडे ते आले त्याला दोन महिने उलटून गेले होते. नातवाच्या मोबाईलमध्ये एक फोटो होता. 'व्हायरस' दुरुस्तीवाल्याला दाखवायला म्हणून त्याने पडद्याचा काढलेला. आम्ही तो मोठा करून बघितला. एका ओळीत अक्षरं होती: व्ही, के, ए, कॅपिटल एम, के, एस, जे. कृतिदेवची केस ज्याच्या बोटांत आहे त्याला हे वाचायला वेळ लागत नाही. 'आंडोर.' अहिराणीत मुलगा. त्या फोटोतल्या अकरा ओळी आम्ही गुरुजींना वाचून दाखवल्या. त्यांना गाणं ओळखू आलं. एकही अक्षर कुणी खाल्लेलं नव्हतं. फाइल ठणठणीत होती, नव्या विंडोजवर फक्त कृतिदेव टाकलेला नव्हता. आता त्या सगळ्या संग्रहातल्या अकरा ओळी शिल्लक आहेत.

इथे एक नाही, तीन गैरसमज हातात हात घालून आले. पहिला, पडद्यावर वेडंवाकडं दिसलं म्हणजे फाइल बिघडली. दुसरा, बिघडली म्हणजे व्हायरस. तिसरा, व्हायरस म्हणजे फॉरमॅट. आणि फॉरमॅट मारला की सगळं पुसलं जातं, हा समजसुद्धा अर्धाच खरा आहे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅट केला तर अनुक्रमणिका जाते, पानं जागेवरच असतात, त्यांच्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. एसएसडीचं गणित वेगळं, तिथे बहुतेक वेळा आशा नसते. गुरुजींची डिस्क जुनी होती. त्याच दिवशी संगणक बंद करून आणला असता तर बरंच हाती लागलं असतं. पण वर नवीन विंडोज बसलं, तिच्यावर कुणीतरी प्रेमाने सिनेमे भरून दिले.

दुरुस्तीवाल्या पोरावर आम्ही राग धरत नाही. त्याला जे शिकवलं ते त्याने केलं. २००१पासून एमएस-सीआयटीने लाखो लोकांच्या हातात माऊस दिला, गृहिणींच्या, रिक्षावाल्यांच्या, आमच्यासारख्यांच्या. ते काम मोठं आहे. पण त्यानंतर गल्लोगल्ली जी संगणकविद्या पसरली तिने बटण शिकवलं आणि बटणामागे काय होतं ते शिकवायचं राहून गेलं. 'रिफ्रेश मारा' म्हटलं की पोरं रिफ्रेश मारतात. त्याने संगणक वेगवान होत नाही, पडद्यावरची चित्रं फक्त पुन्हा काढली जातात. तरी पाच-पाच वेळा मारतात. देवळात घंटा वाजवावी तसं. त्याने नुकसान नाही म्हणून चालतं. फॉरमॅटने नुकसान होतं.

आता 'मंगल'कडे येऊ. सूचनांमध्ये 'मंगल फॉन्टच हवा' असं का येतं? विंडोज २००० सोबत मायक्रोसॉफ्टने देवनागरीसाठी जो फॉन्ट दिला त्याचं नाव मंगल. तो रेखाटला आपल्या र. कृ. जोशींनी, आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवणारे मोठे कलावंत. पुढे विंडोज एक्सपी आलं. त्यात देवनागरी नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करावी लागायची आणि वर विंडोजची सीडी मागितली जायची. सीडी कुणाकडे? तेव्हा जे जुळवून देत ते म्हणत, 'मंगल चालू करून दिलं'. लोकांच्या डोक्यात बसलं, युनिकोड म्हणजे मंगल. खरं तर चालू झालं होतं ते ऑपरेटिंग सिस्टिममधलं अक्षरं जुळवणारं यंत्र. मंगल तिथे केवळ पहिला खिळा होता.

परिणाम बघा. मंगल मायक्रोसॉफ्टचा आहे. अँड्रॉइड फोनवर तो सहसा नसतो, उबंटूवर नसतो. तिथे नोटो, लोहित असे दुसरे फॉन्ट असतात. चोपड्याची एक विद्यार्थिनी फोनवर बोटाने निबंध टाईप करते. तिचा प्रत्येक 'क' अगदी शुद्ध २३२५ आहे. स्वीकारणाऱ्या बाईंच्या संगणकावर फाइल उघडते, वर फॉन्टच्या खिडकीत 'मंगल' दिसत नाही, निबंध बाद. हे आम्ही पाहिलं आहे. उलटही पाहिलं आहे. एकाने कृतिदेवचा मजकूर सगळा निवडला, फॉन्ट बदलून मंगल केला आणि 'आता युनिकोड झालं' म्हणून पाठवला. त्या इंग्रजी अक्षरांना मंगल लावून काय होणार? ती इंग्रजीच दिसणार. लेबलं तीच राहिली की.

त्यात कीबोर्डचा गोंधळ मिसळतो. 'आम्हाला मंगल टायपिंग येत नाही, रेमिंग्टन येतं.' अहो, रेमिंग्टन ही बोटांची सवय आहे. इनस्क्रिप्ट ही दुसरी सवय, १९८६ साली सरकारने ठरवलेली. इंग्रजी स्पेलिंग मारून मराठी उमटवणं ही तिसरी. या तिन्ही सवयींनी युनिकोड टाईप करता येतं. रेमिंग्टनची बोटं तशीच ठेवून युनिकोड उमटवणारी साधनं कधीपासूनची आहेत, हे न कळल्यामुळे चांगले चांगले टायपिस्ट म्हातारे होण्याआधीच बाजूला पडले.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, युनिकोड आलं की सगळं मिटलं. तसंही नाही, आणि आमच्यासारखे प्रचारक हे सांगायला विसरतात. पाचोरा घ्या. आता म्हणा, 'पाचोऱ्याला'. यातला तो आडवा र, ज्याला कुणी चंद्रकोरी र म्हणतात, ही खास मराठीची गरज आहे, हिंदीला तो लागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला 'ऱ' आणि त्याला हलन्त. दोन, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण, तिला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. दिसायला दोन्ही सारखे. पण अक्षरं मोजायला सांगा: एका 'पाचोऱ्याला'त १० भरतात, दुसऱ्यात ११. आता विचार करा, 'शेतकऱ्यांची यादी' अर्ध्या तालुक्यांनी एका तऱ्हेने टाईप केली आणि अर्ध्यांनी दुसऱ्या. शोध घेतला की अर्ध्याच सापडतात. मग लोक म्हणतात, सॉफ्टवेअर बोगस आहे. सॉफ्टवेअर बिचारं क्रमांक जुळवतं, त्याला आपल्यासारखे डोळे नाहीत.

आणि ती अदृश्य खूण कन्व्हर्टरने गाळली तर? आम्ही वापरलेले बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले होते. सातपुड्याच्या 'दऱ्या' त्यांच्यातून बाहेर पडल्या त्या 'दर्या' होऊन. डोंगराचा समुद्र. हसू येतं, पण जुना मजकूर बदलून घेतला आणि कुणी वाचलाच नाही तर हा समुद्र कायमचा राहतो. 'ॲप'मधल्या 'ॲ'चं तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये मराठीसाठी २००८ साली आलं. त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र ठेवत होते. दोन्ही मजकूर आज नेटवर शेजारी शेजारी आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे इतिहासाचार्यांनी जमवलेली दप्तरं आहेत, त्यात मोडी भरपूर. अधूनमधून कुणीतरी विचारतं, मोडीचा फॉन्ट मिळेल का, देवनागरी टाईप करून फॉन्ट बदलला की मोडी होईल असा? असे फॉन्ट होते, आहेत. पण मोडी हे देवनागरीचं वळण नाही, ती स्वतंत्र लिपी आहे. २०१४ साली युनिकोडने तिला स्वतःचे कप्पे दिले. म्हणजे फॉन्ट, लिपी आणि भाषा या तीन वेगळ्या गोष्टी. धुळ्याचा जुना कारकून मराठी भाषा मोडी लिपीत लिहायचा आणि पोथी बाळबोधीत वाचायचा, त्याचा कधी घोटाळा झाला नाही. आमचा होतो.

भाषेवरून आता अहिराणीकडे परत येतो, कारण आमच्या मनात हे सगळ्यात जास्त खुपतं. २०११च्या जनगणनेत खान्देशी गटाखाली मातृभाषा नोंदवणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक आहेत. त्यांच्यातली पोरं आता फोनवर, वर्डमध्ये अहिराणी लिहितात. 'शे' लिहिलं की खाली लाल रेघ. 'आंडोर' लिहिलं की लाल रेघ. एका कॉलेजातल्या मुलाने आजीच्या आठवणी लिहून आणल्या होत्या. वाचायला लागलो तर आजी शुद्ध पुणेरी बोलत होती. का रे बाबा? म्हणे, संगणकाने चुका दाखवल्या, त्या दुरुस्त केल्या.

लाल रेघ चूक दाखवत नाही. प्रोग्रामपाशी एक शब्दयादी असते, शब्द त्या यादीत सापडला नाही एवढंच ती सांगते. यादी मराठीची आहे, अहिराणीची तिथे नाही. यात ऑपरेटिंग सिस्टिमचं काही मत नाही, विद्वत्ता तर नाहीच नाही. रेघेवर राइट क्लिक करून 'शब्दकोशात घाला' म्हटलं की ती निमूट जाते. आणि यादी करणं ही काही अमेरिकेतच होणारी गोष्ट नाही. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स ज्या हनस्पेल पद्धतीची यादी वापरतात ती साधी मजकुराची फाइल असते, पहिल्या ओळीत शब्दांची अंदाजे संख्या, मग एका ओळीवर एक शब्द. प्रत्ययांचे नियम दुसऱ्या फाइलमध्ये. अहिराणीला आंतरराष्ट्रीय भाषासूचीत स्वतःची तीन अक्षरी खूणही आहे, ए-एच-आर. 'अहिराणीसाठी सॉफ्टवेअर नाही' ही तक्रार आपण करतो. सॉफ्टवेअर आहे. शब्द टाईप करून द्यायला बसणारी माणसं हवीत, आणि 'शे' लिहायला न लाजणारी.

तर ते वाक्य. आम्ही ते असं लिहू: "मजकूर युनिकोडमध्ये टाईप केलेला असावा. फॉन्ट कोणताही चालेल." दहा शब्दांना आठ. ज्याला खात्री नाही त्याने मजकुरातला एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून बघावा. मराठी दिसली तर युनिकोड, इंग्रजी खिचडी दिसली तर जुना फॉन्ट. सोबत पीडीएफ मागवा, पण पीडीएफवर विसंबू नका. कृतिदेवातून केलेली पीडीएफ दिसते झकास, तिच्यातून कॉपी केलं की पुन्हा तीच खिचडी.

मागून प्रश्न आला आहे, घरी जुन्या सीड्या आहेत त्यांचं काय करू. सांगतो. आधी कशावरही फॉरमॅट मारू नका. सीडीतला मजकूर जसाच्या तसा दोन ठिकाणी कॉपी करा, सोबत तो फॉन्ट ज्या फाइलमध्ये आहे तीसुद्धा, नाहीतर पुढच्याला केस मिळाली आणि लेबलं कळली नाहीत असं होईल. फॉन्टचं नाव माहीत असेल तर पाकिटावर पेनाने लिहून ठेवा. डीटीपीवाला हयात असेल तर आजच फोन करा, त्याला नाव आठवत असेल. कन्व्हर्टर नेहमी प्रतीवर चालवा, मूळ फाइलवर कधी नाही. आणि बदललेला मजकूर ज्याला ती गाणी येतात त्याच्या शेजारी बसून मोठ्याने वाचा. गुरुजी त्या अकरा ओळी ऐकताना आम्हाला तिसऱ्या ओळीत थांबवून म्हणाले होते, तिथे 'दर्या' नाही, 'दऱ्या'.